भाडें कोणीं ठरवावें?

(नभोवाणीवरील भाषण)

आठवड्यांतून तीन दिवस, सकाळीं पावणेसात वाजतां, मी दादरच्या हिंदु कॉलनींतील आमच्या घरापुढच्या पदपथावर उभा असतों. शेजारीं खुर्चीवर माझी थोरली बहीण बसलेली असते. तिला परळच्या एका रुग्णालयांत डायलिसिससाठीं न्यावयाचें असतें. अंतर म्हणाल तर जेमतेम ३ किलोमीटर. धडधाकट माणूस तें चालत जाईल. परंतु अक्काला बसची पायरी चढवत नाहीं, आणि परततांना तर दोन पावलें टाकणेंहि तिला जड जातें. तेव्हां भाड्याच्या मोटारीवांचून गत्यंतर नाहीं. वर्षभर हा क्रम चालू आहे. जाऊन-येऊन ३०० च्या वर फेऱ्या झाल्या असतील. मुंबईंतील टॅक्सीविषयीं आपणांपुढें बोलण्याचा माझा अधिकार काय तो एवढाच.

या विषयांत आपल्या घरांघरांतून दोन पक्ष पडलेले आहेत, हें आपण जाणतांच. एका पक्षाला काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चालक म्हणजे मूर्तिमंत उद्धटपणा वाटतो, आणि मोबाइलवरून बोलावतां येणारी गाडी म्हणजे साक्षात् पुष्पक विमान. दुसऱ्या पक्षाला त्या पुष्पकांत पाऊल टाकतांच आपण लुबाडले जात आहों असें वाटूं लागतें, आणि जुन्या फियाटच्या आठवणीनें त्याचे डोळे पाणावतात. मी दोन्ही पक्षांत राहून आलेला मनुष्य आहें. त्यामुळें दोन्हीकडचे लोक मला फितूर समजतात, ही गोष्ट निराळी.

प्रथम जुन्या टॅक्सीविषयीं. टॅक्सी हा शब्द मुळांत मोटारीचा नव्हेच. तो मापाचा आहे. जर्मनींत १८९१ च्या सुमारास ब्रून नांवाच्या गृहस्थानें गाडीनें तोडलेलें अंतर मोजून भाडें दाखविणारें एक यंत्र तयार केलें. तें पुढें टॅक्सीमीटर या नांवानें ओळखलें जाऊं लागलें, आणि तें जिला बसविलें ती गाडी टॅक्सी झाली. मुंबईंत मोटार-टॅक्सी आली ती १९११ मध्यें. तोंपर्यंत घोड्याच्या गाड्यांचें राज्य होतें. त्यांतल्या व्हिक्टोरिया पुढें केवळ हौसेपुरत्या उरल्या, आणि २०१५ मध्यें उच्च न्यायालयानें त्याहि बेकायदेशीर ठरविल्या.

माझ्या तरुणपणीं टॅक्सीचा मीटर गाडीच्या आंत नसे. तो बाहेर, डाव्या अंगास, समोरच्या कांचेजवळ बसविलेला असे. उतारू आंत बसला कीं चालक डाव्या खिडकींतून हात लांबवून त्याचा लोखंडी पत्रा फिरवी. त्याला ‘मीटर पाडणें’ म्हणत. ‘टण्’ असा एक आवाज होई, आणि त्या आवाजाबरोबर चालक व उतारू यांच्यामध्यें एक करार होई. त्या करारावर सही नसे, शिक्का नसे. परंतु मीटरवरचा आंकडा चालकाला दिसे, उतारूला दिसे आणि शेजारून सायकलवर जाणाऱ्या माणसालाहि दिसे.

आतां या आंकड्याची गंमत अशी कीं, तो खरा नसे. दर वाढत, परंतु यंत्रें तींच राहत. मीटरवर १ रुपया दिसे आणि द्यावे लागत १३-१४ रुपये. त्यासाठीं चालकाजवळ एक छापील तक्ता असे. उतरण्याची वेळ झाली कीं तो तक्ता बाहेर निघे, दोन डोकीं त्यावर वांकत, आणि एक बोट आडवें व एक बोट उभें फिरूं लागे. अंधारांत तर आगकाडी ओढूनहि तो तक्ता वाचल्याचें मला स्मरतें. नवखा उतारू हमखास म्हणे, “अहो, तिथें तर निराळेंच दिसतें आहे!” तरीहि ते गणित दोघांनीं मिळून सोडवावयाचें असे. पुढें २०१२-१३ च्या सुमारास विजेवर चालणारे मीटर आले आणि तक्त्याची गरज संपली.

या टॅक्सीवाल्यांना देवदूत ठरविण्याचा माझा मुळींच विचार नाहीं. मीटर ‘पळविणारे’ चालक मीं पाहिले आहेत. परगांवच्या माणसाला बोरीबंदरहून भायखळ्यास नेतांना निम्म्या शहराचें दर्शन घडविणारे पाहिले आहेत. आणि नकार! नकार देण्याच्या कलेंत तर या मंडळींचा हात धरणारा कोणी नसे. गॅस भरावयाचा आहे, जेवणाची वेळ झाली, गाडी परत करावयाची आहे. आणि यांपैकीं कांहींच न सुचलें तर नुसती मान हलवून निघून जावयाचें. भाडें नाकारणें हा कायद्यानें गुन्हा आहे, हें मी त्यांस सांगत असें. त्याचा परिणाम एवढाच होई कीं ते थोडे हंसून निघून जात.

हिंदु कॉलनींतून परळ हें भाडें म्हणजे नकाराला आमंत्रणच. दादर स्टेशनाबाहेर तासभर रांगेंत उभें राहून ३ किलोमीटरचें गिऱ्हाईक मिळालें, तर चालकाच्या चेहऱ्यावर आनंद कसा दिसावा? १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दराप्रमाणें पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढें प्रत्येक किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. आमच्या फेरीचे ६२ रुपये होत; वाटेंत थांबावें लागलें तर त्यांत थोडी भर पडे. हा हिशेब मी घरबसल्या करूं शकतों, आणि आपणहि करूं शकतां. ही गोष्ट आपण कृपा करून लक्षांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

नव्या गाड्यांचा इतिहास थोडक्यांत सांगतों. दूरध्वनि करून बोलावण्याच्या वातानुकूलित टॅक्सी मुंबईंत २००७ पासून दिसूं लागल्या. ओला ही कंपनी २०१० च्या अखेरीस मुंबईंतच जन्मास आली. अमेरिकेंत २००९ मध्यें निघालेली उबर २०१३ मध्यें बंगळूरला आणि त्यानंतर लवकरच मुंबईला आली. त्या पहिल्या दिवसांत आम्ही किती हरखून गेलों होतों! गाडी दारीं येई. चालक नांव घेऊन विचारी. भाडें काळ्या-पिवळीहून कमी. सुट्या पैशांची कटकट नाहीं. आपण इतके कमी पैसे देऊन इतक्या थाटानें कसे हिंडतों, हा प्रश्न आमच्यांतील पुष्कळांना पडलाच नाहीं. त्या स्वस्ताईचा खर्च दूर कोठें तरी बसलेले भांडवलदार भरीत होते. उतारूला सवलत आणि चालकाला बक्षिसी, अशी दोन्हीं हातांनीं उधळण चालली होती. ती कायम टिकणारी नव्हती. सवलती गेल्या, बक्षिसी आटली, आणि तोंवर आमची संवय मोडली होती.

पण या नव्या गाडीच्या बाजूनें जें खरोखर बोलण्यासारखें आहे, तें मीं माझ्या भाचीकडून ऐकलें. ती अंधेरीला नोकरी करते आणि रात्रीं उशिरां परतते. एकदां मी जुन्या टॅक्सीचें गुणगान करीत होतों. ती शांतपणें म्हणाली, “मामा, तुम्हांला रस्त्यावर उभं राहून टॅक्सीवाल्याशीं हुज्जत घालण्यांत मौज वाटते. रात्रीं साडेदहाला अंधेरीच्या आडरस्त्यावर मला ती मौज करतां येत नाहीं.”

यावर मला उत्तर सुचलें नाहीं, आणि अद्यापिहि सुचलेलें नाहीं. ती गाडींत बसली कीं गाडीचा क्रमांक, चालकाचें नांव आणि गाडी कोणत्या रस्त्यानें चालली आहे याचें चित्र तिच्या आईच्या मोबाइलवर येतें. अक्का डायलिसिसनें थकून अंथरुणावर पडलेली असते, पण मोबाइल उशाशीं ठेवते. ती इवलीशी मोटार माहीमच्या खाडीपाशीं आली कीं अक्का कूस बदलते. प्लाझापाशीं आली कीं मला हांक मारून कुकर लावावयास सांगते. चित्र म्हणजे कांहीं राखणदार नव्हे, हेंहि खरें. डिसेंबर २०१४ मध्यें दिल्लींत अशाच गाडींत एका तरुणीवर बलात्कार झाला, आणि चालकाच्या पूर्वायुष्याची चौकशी कोण व कशी करतो हा प्रश्न साऱ्या देशापुढें आला. संकटसमयीं दाबावयाचें बटण त्यानंतरच आलें. तथापि अक्काला त्या चित्रामुळें जो धीर येतो, तो बोरीबंदरच्या कोणत्याहि टॅक्सीनें तिला कधीं दिला नव्हता. जुन्या टॅक्सीच्या भक्तांनीं हा मुद्दा हंसण्यावारीं नेऊं नये.

मग माझें गाऱ्हाणें काय? तें सांगण्यासाठीं पुन्हां आमच्या पदपथावर यावें लागेल.

गेल्या पावसाळ्यांतील एक सकाळ. रात्रभर पाऊस पडत होता आणि हिंदमाताजवळ पाणी सांचलें होतें. मीं मोबाइलवर गाडी बोलाविली. सहा मिनिटांत येईल असें उत्तर आलें. चालकाचा फोन आला : “कुठं जायचंय? पैसे रोख देणार कीं मोबाइलवरून?” मीं परळ म्हणून सांगितलें. “येतों,” म्हणाला. चित्रांतील मोटार जागची हलेना. चार मिनिटांनीं ती नाहींशी झाली. दुसरी मिळाली, तीहि नाहींशी झाली. तिसरीनें आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन पाठ फिरविली. अक्का छत्री धरून बसली होती. ती म्हणाली, “काळ्या-पिवळ्या निदान तोंडावर नाहीं म्हणायच्या.”

मला वाटतें, साऱ्या प्रकरणांतलें मर्म तिनें तेव्हां सांगितलें. तोंडावरच्या नकाराला उत्तर देतां येतें. विनवणी करतां येते, रागावतां येतें, आजारी माणसाकडे बोट दाखवितां येतें. आणि मीं अनुभवानें सांगतों, आजारी माणूस दिसल्यावर दहांतले चार-पांच चालक विरघळतात. मोबाइलवरच्या नकाराला तोंडच नसतें. त्या तीन चालकांपैकीं एकानेंहि अक्काला पाहिलें नाहीं.

त्या दिवशीं आम्हांला नेलें तें एका म्हाताऱ्या काळ्या-पिवळ्यानें. हा जौनपुराकडचा गृहस्थ, चाळीस वर्षें मुंबईंत. त्याला हिंदमाताचें पाणी कोणत्या बाजूनें चुकवावें हें ठाऊक होतें, आणि दादर टी.टी.ला तो अजून खोदादाद सर्कल म्हणत असे. त्यानें मीटर टाकला, अक्काला हाताला धरून बसविलें, आणि उतरतांना विचारलें, “माताजींना पुन्हां कधीं यायचंय?” तेव्हांपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार तो पावणेसातला आमच्या गल्लींत येऊन उभा राहूं लागला. त्यानें कधीं मीटरबाहेर पैसे मागितले नाहींत. मीच वर १०-२० रुपये देत असें, आणि ते तो कपाळाला लावून घेत असे.

एक दिवस त्याची गाडी दुरुस्तीला गेली होती म्हणून त्यानें आपल्या मुलाला पाठविलें. मुलगा एका कंपनीच्या ॲपवर गाडी चालवितो. गाडी बापाच्या गाडीहून चांगली, थंडगार, आणि तिच्यावर कर्ज. मीं त्याला सरळच विचारलें, “तुम्ही मंडळी ‘येतों’ म्हणून सांगतां आणि येत नाहीं, हें काय?”

तो रागावला नाहीं. म्हणाला, “साहेब, तुमच्या घरापर्यंत यायला मला कधीं ३ किलोमीटर पडतात. त्या पेट्रोलाचे पैसे कोण देणार? पुढचं भाडंहि ३ किलोमीटरचं. त्यांतून कंपनीचा वांटा. वडील गिऱ्हाईकाला ‘नाहीं’ म्हणत आणि गिऱ्हाईक त्यांना शिव्या देई, पण भाडं किती मिळणार हें त्यांना आधीं ठाऊक असे. मला आज ३ किलोमीटरला किती मिळतील, उद्यां किती, हें मलाच ठाऊक नसतं.”

तें मला थोडें अतिशयोक्तीचें वाटलें. परंतु पुढच्याच आठवड्यांत त्याची प्रचीति आली. रुग्णालयांतून परततांना म्हाताऱ्याची गाडी नव्हती म्हणून मीं मोबाइलवर गाडी मागविली. सायंकाळची वेळ, पाऊस नाहीं, गर्दी बेताची. माझ्या मोबाइलवर भाडें दाखविलें २१४ रुपये. सिग्नलला गाडी थांबली तेव्हां मीं सहज चालकाला विचारलें, “तुम्हांला यांतले किती?” त्यानें आपला मोबाइल माझ्या मोबाइलशेजारीं धरला. त्याच्यावर आंकडा होता १४६. आम्ही दोघेहि त्या दोन आंकड्यांकडे पाहत राहिलों. मधल्या ६८ रुपयांत कर किती, कंपनीचा वांटा किती, गर्दीच्या नांवानें चढविलेलें किती, तें ना त्याला ठाऊक ना मला. त्यानें मला विचारलें, “तुम्हांला कमी दाखवायला हवं होतं का, कीं मला जास्त?” सिग्नल सुटला, मागून भोंगे वाजूं लागले.

आतां आपण मघांचे ६२ रुपये आठवावे. भाडें जास्त पडलें हें माझें गाऱ्हाणें नाहीं. थंड गाडी, दारापर्यंत सेवा, रात्रीं-अपरात्रीं सोय, यांसाठीं कोणी जास्त पैसे मागितले तर तें मी समजूं शकतों. परंतु तो आंकडा कसा झाला हें गाडींत बसलेल्या दोघांपैकीं एकालाहि सांगतां येऊं नये, ही गोष्ट माझ्या गळीं उतरत नाहीं. जुना मीटर खोटा दाखवीत असेल, तर तो दोघांनाहि तेंच खोटें दाखवी. चालकानें तो पळविला तर तपासणीस त्याला कचेरींत नेऊन पारखून पाहूं शके. आजचा मीटर दूर कोठें तरी आहे, तो प्रत्येकाला निराळा आंकडा दाखवितो, आणि पारखण्यासाठीं तो आपणांपुढें कधींच येत नाहीं.

सरकार स्वस्थ बसलेलें आहे असें मात्र नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें या कंपन्यांना मोटार वाहन कायद्यांत स्थान मिळालें. नोव्हेंबर २०२० मध्यें केंद्र सरकारनें काढलेल्या सूचनांनीं गर्दीच्या वेळचें भाडें मूळ भाड्याच्या दीडपटीवर जाऊं नये असें ठरविलें. जुलै २०२५ च्या सूचनांनीं ती मर्यादा दुपटीपर्यंत नेली. खालची मर्यादा निम्म्याची. सबळ कारणावांचून फेरी रद्द करणाऱ्यास भाड्याच्या १० टक्के, फार तर १०० रुपये, दंड. चालक आपल्या मालकीची गाडी चालवीत असेल तर भाड्याचा निदान ८० टक्के भाग त्याला मिळावा असेंहि त्यांत आहे. हे नियम प्रत्यक्षांत आणावयाचे तें राज्यांनीं. आणि नियम झाले म्हणून समाधान झालें असेंहि नाहीं. त्याच जुलैमध्यें मुंबईंतले ॲपवाले चालक संप करून आझाद मैदानावर बसले होते. काळ्या-पिवळ्यांना जो दर मिळतो तो आम्हांलाहि द्या, अशी त्यांची एक मागणी होती. ज्या मीटरला आम्ही आणि त्यांनीं मिळून रामराम ठोकला, त्याच मीटरचा दर ते मागत होते.

हाच वाद लंडनलाहि झाला. तेथें काळ्या टॅक्सीच्या चालकाला १८६५ पासून एक कठीण परीक्षा द्यावी लागते. चेअरिंग क्रॉसपासून ६ मैलांच्या टापूंतले सुमारें २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. ॲपवाल्या चालकाला त्याची गरज नाहीं. परंतु फेब्रुवारी २०२१ मध्यें इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापुढें जो प्रश्न आला, तो रस्त्यांचा नव्हता. उबरचे चालक स्वतंत्र धंदेवाले कीं कंपनीसाठीं राबणारे कामगार, असा तो प्रश्न होता. न्यायालयानें त्यांस कामगार ठरविलें. आणि त्याच्या कारणांत पहिलें हें होतें कीं, भाडें कंपनी ठरविते, चालकाला त्यांत बोलण्यास वाव नसतो. आमच्या सिग्नलवरच्या त्या चालकाला मीं हें सांगावयास हवें होतें, असें मागाहून वाटलें.

मला स्वतःला काय पाहिजे, असें कोणी विचारलें तर माझी मागणी फार मोठी नाहीं. गाडींत, दोघांना दिसेल अशा जागीं, एक लहानसा आंकडा लावावा : मूळ दर इतका, गर्दीमुळें इतका जास्त, कर इतका, कंपनीला इतके, चालकाला इतके. ज्या यंत्राला आमची गाडी कोणत्या गल्लींत आहे हें हातभर चुकीनेंहि कळतें, त्याला एवढें सांगतां येऊं नये? माझी भाची म्हणते, “मामा, तसं झालं तर तुम्ही त्या आंकड्यावरूनहि भांडाल.” भांडेन. पण मग माझ्या बरोबर तो चालकहि भांडेल, आणि आम्ही एकाच बाजूला असूं.

म्हाताऱ्याची गाडी २००५ सालची. तिचीं २० वर्षें भरलीं, आणि नियमाप्रमाणें ती रस्त्यावरून काढावी लागली. नवी घेण्याचें त्याचें वय नाहीं. गांवीं जाण्यापूर्वीं तो अक्काला भेटावयास आला होता, तिच्यासाठीं चार पेरू घेऊन. पोटॅशियममुळें तिला पेरू वर्ज्य आहेत, हें आम्ही त्याला सांगितलें नाहीं. मुलाचा क्रमांक मात्र त्यानें माझ्याकडून पुन्हां-पुन्हां वाचून घेतला आणि मोबाइलमध्यें नीट उतरला आहे ना, याची खात्री करून घेतली.

तो मुलगा जमेल तेव्हां येतो. त्याच्या गाडीला मीटर नाहीं. आम्ही दोघांनीं मिळून ठरविलें आहे कीं, काळ्या-पिवळीच्या दरानें जो हिशेब होईल तो धरावा आणि त्यावर थंड हवेचे म्हणून २० रुपये द्यावे. कंपनीच्या नियमांत हें कितपत बसतें, तें मी त्याला विचारलेलें नाहीं. ज्या दिवशीं त्याला जमत नाहीं त्या दिवशीं एका हातांत मोबाइल धरून आणि दुसरा हात रस्त्याकडे करून मी उभा राहतों. जी आधीं येईल तिच्यांत अक्काला बसवितों. उद्यां शुक्रवार आहे. त्याचा अजून निरोप आलेला नाहीं.